वारसा मान्य, वापर अमान्य

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी प्रांतात बोलली जाणारी ब्रेटन ही फ्रेंचची बोली नसून वेल्शशी नाते सांगणारी, केल्टिक कुळातील स्वतंत्र भाषा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ती सुमारे दहा लाख लोकांच्या तोंडी होती. २०१८ च्या पाहणीत भाषकांची संख्या सुमारे दोन लाखांवर आणि २०२४ च्या पाहणीत जेमतेम एक लाखावर आलेली आढळली. वृद्ध भाषक ज्या वेगाने निवर्तत आहेत, त्या वेगाने नवे घडत नाहीत, हे या घसरणीचे तात्कालिक कारण. मूळ कारण मात्र शाळेत आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, आबे ग्रेग्वार यांनी प्रांतिक भाषा नाहीशा करून फ्रेंच सार्वत्रिक करण्याची गरज मांडणारा अहवाल सादर केला. त्यामागे निव्वळ द्वेष होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्याला कायद्याची भाषाच कळत नाही तो समान नागरिक कसा होणार, हा प्रश्न खरा होता. परंतु १८८१-८२ च्या ज्यूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाल्यावर फ्रेंच शिकवणे आणि ब्रेटन विसरायला लावणे ही एकच गोष्ट मानली गेली. ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी जोड्यासारखी एखादी वस्तू अडकवली जाई, आणि ती उतरवायची तर ब्रेटन बोलणारा दुसरा सोबती पकडून द्यावा लागे. ही लाज पुढे घरात शिरली. दुसऱ्या महायुद्धानंतर असंख्य आईबाप आपापसांत आणि म्हाताऱ्यांशी ब्रेटन बोलत, पण मुलांशी आवर्जून फ्रेंच बोलू लागले.

ही तुटलेली साखळी जोडण्यासाठी काही पालकांनी १९७७ मध्ये दीवान शाळा सुरू केल्या. त्यांची पद्धत निमज्जनाची आहे, म्हणजे भाषा हा एक विषय न राहता गणितापासून मधल्या सुट्टीपर्यंत सारा व्यवहार त्याच भाषेत चालतो आणि फ्रेंच पुढे टप्प्याटप्प्याने येते. अशा शाळांतून घडणारी ब्रेटन पुस्तकी आहे, खेड्यातल्या आजीला ती परकी वाटते, हा आक्षेप पूर्णतः निराधार नाही. मात्र ज्या भाषेला घर उरलेले नाही, तिने शाळेचा आधार घेतल्याबद्दल तिला बोल लावणे विचित्रच.

फ्रान्सच्या संविधानात १९९२ मध्ये फ्रेंच ही प्रजासत्ताकाची भाषा असल्याचे घातले गेले आणि २००८ मध्ये प्रादेशिक भाषा फ्रान्सच्या वारशाचा भाग असल्याचेही. या दोन कलमांतील ताण २०२१ मध्ये उघड झाला. ब्रिटनीतील खासदार पॉल मोलाक यांचे प्रादेशिक भाषांचे विधेयक एप्रिलमध्ये मोठ्या बहुमताने संमत झाल्यावर सुमारे साठ खासदारांनी ते संविधान परिषदेकडे, म्हणजे कायद्यांची संविधानाशी सुसंगती तपासणाऱ्या संस्थेकडे, नेले. त्यांचा आक्षेप खासगी शाळांच्या खर्चाविषयीच्या तरतुदीला होता. परिषदेने ती तरतूद राखली आणि कोणी न विचारलेले निमज्जनाचे कलम मात्र स्वतःहून तपासून रद्द केले. निकालातील व्याख्या लक्षणीय आहे: निमज्जन म्हणजे केवळ भाषा शिकवणे नव्हे, तर ती अध्यापनाची प्रमुख भाषा आणि शाळेतील परस्पर संवादाची भाषा म्हणून वापरणे. भाषा कशाने जगते याचे इतके अचूक वर्णन तिच्या समर्थकांनाही क्वचित साधले असेल, आणि परिषदेने नेमके तेच संविधानबाह्य ठरवले. वारसा म्हणून भाषेला मान द्यायचा, पण मुलांनी ती खेळताना बोलायची सोय ठेवायची नाही, अशी ही तडजोड आहे.

याउलट, भारतीय राज्यघटनेत १९५६ पासून असलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्यास राज्यांना सांगतो. फ्रान्स ‘अल्पसंख्याक’ ही कोटीच मानत नाही.

निकालानंतरही दीवान शाळा चालू आहेत. त्यांच्या शिक्षकांचे वेतन करारानुसार सरकार देते, त्यामुळे कायदेशीर संदिग्धतेची झळ या शाळांनाच अधिक बसते. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढून निमज्जनाला अध्यापनाची एक पद्धत म्हणून वाव दिला खरा, पण परिपत्रक हे कायदा नव्हे, आणि पुढील कोणत्याही मंत्र्याला ते संसदेला न विचारता मागे घेता येते.