तरी असली तरी

थंडी पडली की आमच्या जालन्यात दोन गोष्टी हमखास बाहेर निघतात. ट्रंकेतल्या कानटोप्या आणि मटणाच्या रश्श्याच्या गप्पा. कानटोप्यांबद्दल माझी तक्रार नाही, गप्पांबद्दल आहे. आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत रश्श्याचं कौतुक एकाच मापानं होतं. "काय झणझणीत होता राव! नाकाडोळ्यांतून पाणी!" रस्सा चांगला झाला हे सांगायला सर्दीची लक्षणं कशाला लागतात, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत उमगलेलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. थंडीतला रस्सा झणझणीत नको, दाट हवा.

मिरचीशी माझं वैर नाही. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा एवढा मोठा बाजार भरत असताना या जिल्ह्यात राहून ते परवडणारही नाही. पण मिरचीनं अंगात ऊब येते, हा निव्वळ भ्रम. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना 'आग लागली' अशी खोटी वर्दी देतं. ही वर्दी नेमकी कुठे पोचते ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालचं नोबेल विभागून मिळालं. शरीर बिचारं वर्दीवर विश्वास ठेवून घाम काढतं, आणि घाम अंग गार करतो! म्हणजे ऐन डिसेंबरात आपण पदरचे पैसे मोडून गारठा विकत घेतो. बँकेत अशी खोटी नोंद केली तर माणूस निलंबित होतो. आचाऱ्याला मात्र बक्षिसी मिळते.

खरी ऊब मिळते ती येसरामुळे. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरे आणि मसाल्याचं सामान वेगवेगळं खमंग भाजून दळायचं. प्रमाण घरागणिक निराळं, आणि प्रत्येक घराचंच बरोबर. हे पीठ पाण्यात कालवून रश्श्यात सोडलं की ते फुगतं, रस्सा भाकरीला धरून राहतो, ताटात लवकर निवत नाही आणि अर्धा किलो मटण आठ माणसांना पुरतं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतक्या थोड्या भांडवलावर इतकी मोठी उलाढाल मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मटणालाही घाई चालत नाही. मंद आचेवर तास-दीड तास ठेवलं की त्यातला चिवट भाग विरघळतो आणि रश्श्याला अंग येतं. ज्यांना एवढी सवड नसते ते वर चार पळ्या लाल तेल सोडतात आणि त्याला तरी म्हणतात. तरी असली तरी खाली पाणीच!

बरं, हा काही आम्हा मराठवाड्याच्या लोकांचाच हट्ट नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेली. तिच्या माहेराला लागून असलेल्या टेक्सासात 'चिली' नावाचा गोमांसाचा दाट रस्सा करतात. (आपल्याकडे 2015 पासून बैलाचं मांसही कायद्यानं बंद, तेव्हा आपला बोकड बरा.) 1977 साली तिथल्या विधिमंडळानं चिलीला राज्याचा पदार्थ ठरवलं. तीत राजम्यासारखे दाणे घालावेत की नाही, यावर तिथे अजून हमरीतुमरी चालते. पण रस्सा दाट व्हावा म्हणून मक्याचं पीठ कालवून घालणारे तिथेही आहेतच. मिरचीच्या माहेरच्या शेजारीसुद्धा नुसत्या मिरचीवर भागत नाही!

आणि या तिखटाच्या शर्यतीत जिंकतं कोण? चार बाप्ये घाम पुसत मिशीवर ताव देतात. घरातली म्हातारी आणि पोरं दहीभात कालवतात. जिनं दोन तास शेगडीपाशी उभं राहून रस्सा केला, तिला विचारायचं कोणालाच सुचत नाही. मटण आठ जणांच्या नावानं आणायचं आणि खायचं चौघांनी, याला आमच्या धंद्यात अफरातफर म्हणतात.

तेव्हा यंदा पाहुणे बोलवाल तर मिरची निम्मी करा आणि येसर सढळ हातानं घाला. ज्यांना जीभ पोळून घ्यायची हौस आहे त्यांच्या ताटात ठेच्याचा गोळा वेगळा वाढा. ज्याची हौस त्यानं आपल्या खात्यावर फेडावी. घराच्या खात्यावर ती नावे टाकू नये.