पसरला तरी बरा होणारा कर्करोग

कर्करोग फुप्फुसात पसरला म्हटले की घरचे लोक धीर सोडतात. कोरिओकार्सिनोमा मात्र याला अपवाद आहे. गर्भारपणात वार तयार करणाऱ्या पेशी बेसुमार वाढल्या की हा दुर्मीळ कर्करोग होतो. गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखे फोड वाढतात, त्या मोलर प्रेग्नन्सीनंतर त्याचा धोका सर्वाधिक. पण गर्भपातानंतर किंवा सुखरूप बाळंतपणानंतरही तो उद्भवू शकतो. कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी १९५६ मध्ये मेथोट्रेक्सेट देऊन हा पसरलेला कर्करोग हटवला. गाठी दिसेनाशा झाल्यावरही एचसीजी हे संप्रेरक पूर्ववत होईपर्यंत ली औषध देत राहिले. वरिष्ठांना ते पटले नाही आणि लींना संस्था सोडावी लागली. पुढे मात्र त्यांचेच म्हणणे खरे ठरले. १९७२ मध्ये दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला.

आजचे उपचारही एचसीजीवरच चालतात. वय, आधीचे गर्भारपण, एचसीजीची पातळी, रोग कुठे व किती पसरला यावरून गुण देतात. सहापर्यंत गुण असतील तर बहुधा एकच औषध पुरते; सात किंवा अधिक असतील तर पाच औषधांची ‘ईएमए-सीओ’ केमोथेरपी देतात. कमी जोखमीच्या जवळपास सर्व रुग्णा बऱ्या होतात, जास्त जोखमीच्याही बहुसंख्य. यकृत किंवा मेंदूत पोहोचलेला रोग मात्र अवघड असतो.

म्हणजे अडचण औषधाची नाही, वेळेवर निदानाची आहे. खोकल्यातून रक्त आणि एक्स-रेवर डाग दिसले की आपल्याकडे आधी क्षयाचा संशय येणे साहजिक आहे. गाठीचा तुकडा काढायला जावे, तर जीवघेण्या रक्तस्रावाची भीती. इथे एचसीजीची साधी रक्ततपासणी वाट दाखवते.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून मोलर प्रेग्नन्सीची नोंदणी होते. मोजक्या विशेष केंद्रांतून नमुन्यांवर लक्ष ठेवले जाते, त्यामुळे रोग पसरण्याआधीच सापडतो. आपल्याकडे पिशवी साफ केली की बाई घरी जाते आणि पाठपुरावा तिच्यावरच पडतो. त्यामुळे काढलेल्या भागाची तपासणी, डॉक्टर सांगतील तोपर्यंत नियमित एचसीजी आणि त्या काळात गर्भधारणा टाळणे, या तीन गोष्टी डिस्चार्ज कार्डावर लिहून देणे, हा या रोगावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.