दोर धरणारा हात



गिर्यारोहणाच्या शिबिराला निघालेले तरुण माझ्या दवाखान्यात येतात ते वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी. नाडी, रक्तदाब, छातीची तपासणी, जुन्या आजारांची विचारपूस आणि शेवटी सही-शिक्का, एवढाच आमचा संबंध. गेल्या महिन्यात मात्र अशी एक भेट बरीच लांबली. माझ्या जुन्या रुग्ण असलेल्या एक निवृत्त शिक्षिका आपल्या नातीला घेऊन आल्या होत्या. नातीला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, प्रशिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमासाठी जायचे होते. बाईंनी मला विचारले, "डॉक्टर, ही सहा वर्षं कडे चढते आहे. दोन अभ्यासक्रम झाले. आता चढायचं आणखी काय शिकायचं राहिलं?"

नात हसून म्हणाली, "आजी, आता चढायला नाही, चढवायला शिकायचं आहे."

हा फरक आपण आजी-आजोबांनी नीट समजून घ्यावा असे मला वाटते. सुट्टी आली की नातवंडे प्रस्तरारोहणाच्या शिबिराला निघतात, आणि "पाठवू का?" हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांपर्यंत येतोच.

आपल्याकडे हे शिक्षण देणाऱ्या नामवंत संस्था आहेत. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून, तर उत्तरकाशीची संस्था १९६५ पासून काम करते. आधी सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. त्यात 'अ' श्रेणी मिळाली तर तितक्याच कालावधीचा प्रगत अभ्यासक्रम करता येतो. तिथेही 'अ' श्रेणी मिळवणाऱ्यालाच 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन' या तिसऱ्या पायरीवर प्रवेश मिळतो. तेथे उमेदवाराला स्वतः पाठ द्यावा लागतो. तो कसा चढतो यापेक्षा तो कसा शिकवतो आणि इतरांना कसा सांभाळतो, हे तेथे पारखले जाते.

नवशिक्यांना साधारणतः वरून बांधलेल्या दोरावर चढवतात. दोर कड्याच्या माथ्यावरील आधारातून जातो. त्याचे एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, गाठ मारून बांधलेले असते. दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या व्यक्तीच्या बिले-साधनातून तिच्या हातात येते. मुलाचा पाय सुटला तरी दोराच्या ताणाने थोडे खाली येऊन ते लटकते, पडत नाही. अट एकच. खाली दोर रोखणारा हात क्षणभरही सुटता कामा नये. माथ्यावरचा आधारही एकाच ठिकाणी बांधून चालत नाही. एक निसटला तर दुसरा भार घेईल, अशी किमान दोन स्वतंत्र ठिकाणे लागतात.

"स्वतः चढताना माझं लक्ष खडकाकडे असतं," नात सांगत होती. "शिकवताना खडकाकडे पाठ करून मुलांकडे बघायचं." कोणाचे पाय शिवणयंत्रासारखे थरथरू लागले, कोण अचानक गप्प झाले, कोणी सकाळपासून पाणी प्यायलेले नाही, हे तिला टिपावे लागते. आपल्या सह्याद्रीत तर निसटणारे दगड, उन्हात तापलेला काळा कातळ आणि आग्या मोहोळे यांचेही भान हवे. प्रत्येक मूल चढण्यापूर्वी हार्नेसचा बंद, दोराची गाठ, कॅराबिनरचे कुलूप आणि शिरस्त्राण या चारही गोष्टी तिने डोळ्यांनी पाहायच्या, हाताने चाचपायच्या. पन्नासाव्या मुलालाही पहिल्याइतक्याच काळजीने. आणि पाऊस आला किंवा मूल घाबरले, तर "आज पुरे" म्हणण्याचे धैर्यही तिच्याकडे हवे.

मी तिला वैद्यकीय बाजूची एक गोष्ट सांगितली. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि तो बेशुद्ध होऊ शकतो. अशा वेळी त्याला तातडीने खाली उतरवणे हाच पहिला उपचार होय. पूर्वी अशा रुग्णाला बसवून ठेवण्याचा सल्ला देत. आता मात्र त्याला आडवे झोपवून श्वास आणि नाडी पाहावी असेच सांगितले जाते. ती म्हणाली, "काका, कड्यावरून माणूस खाली आणायचा सराव आम्हाला इतक्यांदा करायला लावतात, की झोपेतही हात चालावेत."

तेव्हा नातवंडाला पाठवण्यापूर्वी आयोजकांना विचारा: प्रत्यक्ष कड्यापाशी कोण असणार? त्यांनी कोणते अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत? एका प्रशिक्षकामागे किती मुले असतील? प्रथमोपचार कोणाला येतात? जवळचे रुग्णालय कोठे आहे आणि तेथे नेण्यासाठी वाहन कोणते? यांची उत्तरे देताना चांगला प्रशिक्षक चिडत नाही. उलट त्याला बरे वाटते. आपल्या बाजूनेही काही लपवू नका. दमा, फिट्स, हृदयाचा आजार, ॲलर्जी यांची माहिती फॉर्मवर लिहा. दम्याचा पंप तंबूतल्या पिशवीत नव्हे, कड्याच्या पायथ्याशी प्रशिक्षकाजवळ असू द्या. आणि तपासल्याशिवाय सही करणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका.

बोलणे संपले. बाई खुर्चीवरून उठू लागल्या. नात त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला, किंचित मागे उभी राहिली. तिने आजीचा हात ओढला नाही. फक्त कमरेमागे आपला हात तयार ठेवला. ते पाहून मला माझे वडील आठवले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांना न्हाणीघरातून खोलीत आणताना माझा फोन वाजला. तो घेण्यासाठी मी त्यांचा हात सोडला. दोन पावलांचेच अंतर उरले होते. ते पडले आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतर ते पूर्वीसारखे चालले नाहीत. मी डॉक्टर होतो. पडण्याची सारी कारणे मला पाठ होती. पण माणूस कसा धरावा, हे मी कोणाकडून शिकलो नव्हतो आणि शिकण्याची गरज आहे असे मला कधी वाटलेही नव्हते.

घरी वृद्धांना सांभाळणाऱ्या वाचकांना म्हणूनच माझी विनंती आहे. तुमच्या प्रेमाविषयी मला शंका नाही, पण सांभाळणे ही शिकायची विद्या आहे. एखाद्या फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. उठवणे, बसवणे, चालवणे त्यांच्यासमोर करून दाखवा आणि चुका सुधारून घ्या. उठवण्यापूर्वी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसवा. चक्कर येते का ते विचारा. मग चप्पल, दिवा, कोरडी फरशी आणि काठी या चार गोष्टी रोज, न कंटाळता, मोठ्याने म्हणून तपासा. दुखऱ्या किंवा अशक्त बाजूला, किंचित मागे उभे राहा. दंड धरून ओढू नका; कमरेला आधार द्या. चालणे त्यांचेच असू द्या.

आणि फोन वाजला, तर वाजू द्या.