लग्न हे व्यसनावरचे औषध नव्हे

राजगड-तोरण्याच्या परिसरात, भोर आणि वेल्ह्याच्या गावोगावी, स्थळ पाहायला गेलेली मंडळी मुलाची शेती विचारतात, पुण्यातील नोकरी विचारतात. ‘पितो का?’ हा प्रश्न मात्र ओठांवर येऊन परततो. ज्या घराला उत्तर ठाऊक असते, तेथे आईबापांची समजूत ठरलेली असते : ‘दोनाचे चार हात झाले की येईल वळणावर!’ या समजुतीची किंमत एका पित्याने जाहीर सभेत सांगितली आहे.

उत्तर प्रदेशातील मोहनलालगंजचे तत्कालीन खासदार व केंद्रीय राज्यमंत्री कौशल किशोर यांचा मुलगा मित्रांच्या संगतीत दारूच्या आहारी गेला. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. व्यसन सुटले असे मानून सहा महिन्यांनी त्याचे लग्न लावले. लग्नानंतर तो पुन्हा पिऊ लागला. 19 ऑक्टोबर 2020 रोजी तो गेला, तेव्हा त्याचे बाळ जेमतेम दोन वर्षांचे होते. वडील खासदार, आई आमदार. तरी मुलगा वाचला नाही. डिसेंबर 2022 मध्ये सुलतानपूर जिल्ह्यातील लंभुआ येथे ही कथा सांगून, दारूड्या अधिकाऱ्यापेक्षा रिक्षा ओढणारा वा मजूर जावई बरा, असे त्यांनी लोकांना बजावले.

पुत्रशोक उरात दडवून प्रतिष्ठेने वावरणे या पित्याला अवघड नव्हते. त्यांनी स्वतःच्या घराची चूक चव्हाट्यावर मांडली, ती दुसऱ्याची लेक वाचावी म्हणून. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधूसाठी मराठी माणूस 1919 पासून डोळे टिपत आला आहे, घरी येणाऱ्या सुनेच्या ताटात मात्र आपण तेच दुःख वाढतो.

मग व्यसनी तरुणाला वाळीत टाकायचे का? मुळीच नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते व्यसन हा आजार आहे या जाणिवेने. तेथे रुग्णाबरोबर कुटुंबालाही उपचारांत सामावून घेतात. हा आजार उलटू शकतो. म्हणूनच केंद्रातून घरी परतणे हा उपचारांचा शेवट नसतो, तो नव्या परीक्षेचा आरंभ असतो. ती परीक्षा नववधूच्या माथी मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कार्यकर्ता घराघरांत जातो, चुलीपर्यंत त्याची ओळख असते. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने मिटलेली तोंडे तोच उघडू शकतो. मुलगा पीत असेल तर आधी उपचार, लग्न नंतर. आणि पूर्वी पीत असेल, तर मुलीकडच्यांना ते सुपारी फुटण्यापूर्वी सांगावे. कोठे जावे हे उमगत नसेल, तर 14446 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. घराण्याची अब्रू झाकून मूल वाचत नाही. ते वाचते वेळेवर बोलल्याने. एका पित्याला हे मुलाच्या चितेपाशी उमगले. आपल्याला ते बोहल्याआधी उमगावे.