सहल करावी कोठें ?

दिवाळीची अथवा नाताळची सुटी संपून शाळा पुन्हां भरली, म्हणजे "मीं सुटी कशी घालविली" हा निबंध लिहावयास सांगण्याची आम्हां शिक्षकांची जुनी रीत आहे. विषय फळ्यावर उमटतांच वर्गाचे दोन भाग पडतात. माथेरान, महाबळेश्वर किंवा गोवा पाहून आलेलीं मुलें भराभर लिहूं लागतात. उरलेलीं, आणि त्यांचीच संख्या नेहमीं अधिक असते, लेखणीचें टोंक चावीत बसतात. त्यांतील एखादा चलाख विद्यार्थी न केलेल्या प्रवासाचें रसभरित वर्णन करून मोकळा होतो, बाकीचे एकच वाक्य लिहितात, "आम्ही कोठेंही गेलों नाहीं."

या वाक्यांत व्याकरणाची चूक नसते. परंतु त्याच्या पोटीं एक समजूत दडलेली असते, आणि ती मुलांहून पालकांची अधिक आहे, असें माझें मत आहे. ती समजूत अशी कीं, सहल म्हणजे पैसा खर्चून दूर जाणें. आणि ज्या वस्तींत आपण राहतों तींत पाहण्यासारखें कांहीं नसतें. या समजुतीनें मुलांचें जें नुकसान होतें तें एका सुटीपुरतें नसतें. आपली जागा पाहण्याच्या योग्यतेची नाहीं, हें मूल एकदां शिकलें, म्हणजे पत्ता सांगतांना त्याची मान खालीं जाऊं लागते. धारावींत राहणारा मुलगा नव्या सोबत्यास "मी शीवला राहतों" असें सांगतो, आणि शीवचा मुलगा "माटुंग्याजवळ" म्हणून वेळ मारून नेतो, हें आम्हां शिक्षकांच्या नित्य कानांवर येतें.

तेव्हां उदाहरणासाठीं शीवच घेऊं. एके काळीं मुंबईचें हें दूरचें उपनगर होतें. आज तें शहराच्या पोटांत आलें आहे. शीव म्हटलें म्हणजे लोकांस मोठें रुग्णालय आठवतें, चौकांतील वाहनांची कोंडी आठवते, आणि आगगाडीच्या खिडकींतून दिसणारीं पत्र्याचीं छपरें आठवतात. रोज असंख्य माणसें येथून पुढें जातात. हें ठिकाण पाहावयास म्हणून सहसा कोणी उतरत नाहीं.

वास्तविक या जागेचें नांवच तिचा इतिहास सांगतें. शीव म्हणजे सीमा. मुंबईचीं बेटें येथें संपत आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. (सियोन पर्वतावरून हें नांव पडलें अशीही एक समजूत आहे, इंग्रजी उच्चार तिला पोषक आहे, एवढेंच म्हणतां येईल.) इ. स. १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली, आणि १६६८ सालीं ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं आली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणून कंपनीनें अगदीं सीमेवरील टेकडी हेरून तिच्यावर १६६९ ते १६७७ या काळांत, गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांच्या कारकीर्दींत, किल्ला बांधला. पुढें १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली. आणि खाडीकांठीं धारावीस जो लहानसा कोट आहे, ज्यास लोक काळा किल्ला म्हणतात, त्यावरील शिलालेखांतही गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या नांवाबरोबर १७३७ हेंच साल आहे. पलीकडच्या तीरावर कोण येऊन उभें राहिलें होतें हें ध्यानांत घेतलें, म्हणजे हें साल तोंडपाठ करण्याची गरज उरत नाहीं.

१७७४ सालीं साष्टीही इंग्रजांनीं घेतली, तेव्हां या सीमेचें प्रयोजन सरलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकीर्दींत, शीव आणि कुर्ला यांमधील पाणथळ जागेवरून बांधीव रस्ता झाला. आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी याच बाजूनें खाडी ओलांडून गेली. इतिहासाच्या पुस्तकांतील अनेक पानें अशा रीतीनें एका टेकडीभोंवतीं पसरलेलीं आहेत, आणि तीं चाळण्यासाठीं फक्त बसचें भाडें पुरतें.

म्हणून पालकांस माझी सूचना अशी आहे कीं, वर्षांतून निदान चार सहली आपल्याच परिसरांत कराव्या.

पहिली सहल हिंवाळ्यांतील एखाद्या सकाळीं शीवच्या किल्ल्याची. पायथ्याशीं बाग आहे. आजीआजोबांनीं तेथें बसावें आणि मुलांनीं वडिलांबरोबर टेकडी चढावी. माथ्यावर आज पडक्या भिंती उरल्या आहेत, परंतु तेथें उभें राहून मुलास एवढेंच विचारावें, "तूं त्या वेळचा पहारेकरी असतास, तर कोणत्या दिशेस तोंड करून उभा राहिला असतास?" लोहमार्ग, रस्ते आणि इमारती यांनीं खाडीचा पुष्कळसा देखावा झांकून टाकला असला, तरी मूल थोडा विचार करून उत्तर देतें, आणि नकाशा वाचण्याचा हा धडा वर्गांत चार तास शिकवूनही साधत नाहीं.

दुसरी सहल पाऊस ओसरल्यावर, महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची. धारावीच्या कडेस, मिठी नदीच्या कांठीं, ३७ एकरांचें हें रान आहे. या जागेवर पूर्वीं शहराचा केरकचरा टाकला जात असे. तें बंद करून तेथें झाडें लावण्यांत आलीं, तीं वाढविण्यांत आलीं, आणि १९९४ सालीं उद्यान खुलें झालें. आज तेथें फुलपाखरें आणि पक्षी दिसतात. आणि ज्या सावलींत आपण उभे आहों तिच्याखालीं कचऱ्याचा ढीग गाडलेला आहे, हें मुलांस सांगितलें, तर त्यांचा प्रथम विश्वास बसत नाहीं. शेजारून वाहणारी मिठी नदी विहार व पवई येथील तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हां हीच नदी घराघरांत शिरली. आजच्या विद्यार्थ्यांचा त्या वेळीं जन्मही झाला नव्हता. पण त्यांच्या आईवडिलांस ती रात्र आठवते. ती हकीकत सांगण्यास या नदीकांठाहून योग्य जागा कोणती ? कांठावरील तिवरें कशासाठीं राखावयाचीं, हें मग वेगळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

तिसरी सहल दिवाळीपूर्वीं आठ-पंधरा दिवस, धारावीच्या कुंभारवाड्याची. मुळचे सौराष्ट्रांतील हे कुंभार १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत येथें स्थिरावले. दारोदारीं पणत्या, माठ आणि कुंड्या सुकत घातलेल्या असतात आणि भट्ट्यांचा धूर दाटलेला असतो. फिरत्या चाकावर मातीच्या गोळ्यांतून पाहतां पाहतां पणती कशी उमलते, हें ज्या मुलानें पाहिलें, तें पणती विकत घेतांना उगाच घासाघीस करणार नाहीं. परदेशचे प्रवासी पैसे मोजून धारावी पाहावयास येतात, आणि तेथून हांकेच्या अंतरावर राहणारीं आपलीं मुलें तिकडे पाठ फिरवितात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मात्र एक पथ्य पाळावें. कोणाचें दारिद्र्य हा पाहण्याचा तमाशा नव्हे. ज्याचें काम पाहावयाचें त्याची अनुमति घ्यावी, त्याला नमस्कार करावा, त्याच्याकडून चार वस्तु विकत घ्याव्या, आणि न विचारतां छायाचित्रें काढूं नयेत. ज्या मुलाचें घर तेथेंच आहे, त्यानें तर आपल्या वर्गमित्रांस स्वतः वाट दाखवीत न्यावें. त्या दिवशीं पत्ता सांगतांना त्याचा आवाज खालीं येणार नाहीं. धारावीच्या पुनर्विकासाचें काम हातीं घेण्यांत आलें आहे. म्हणून जें आज आहे तें मुलांनीं आजच पाहून ठेवावें.

चौथी सहल संध्याकाळची, आणि ती घरांतील मातेसाठीं राखून ठेवावी. शीवहून माटुंग्याकडे पायीं चालत जावें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. दाट वस्तींत हवा आणि उजेड नसल्यामुळें माणसें रोगास बळी पडतात, हें ध्यानांत येऊन १८९८ सालीं शहर सुधारणेसाठीं एक विश्वस्त मंडळ नेमण्यांत आलें, आणि दादर-माटुंगा या भागाची आंखणी त्यानें केली. तेथील रुंद रस्ते, दुतर्फा झाडें, पांच उद्यानांची रचना, हें सर्व त्या दुःखांतून निघालेलें शहाणपण आहे. परततांना तेथील एखाद्या उडुपी उपाहारगृहांत इडली आणि कॉफी घ्यावी. शेजारच्या बाकावर तामीळ, कानडी, गुजराथी आणि मराठी अशा चार भाषा एकदम ऐकूं येतात, आणि त्या रात्रीं घरीं चूल पेटवावी लागत नाहीं. ज्या सहलीसाठीं आईला पहांटे चार वाजतां उठून पुऱ्या तळाव्या लागतात, ती सहल इतरांची असते, तिची नसते. ही गोष्ट आमचे पुरुष वाचक क्वचितच ध्यानांत घेतात.

यावर आक्षेप निघतील, हें मी जाणतों. कोणी म्हणतील, "तेथें घाण असते, भिंतींवर नांवें कोरलेलीं असतात, मग मुलांना तें कशाला दाखवावें ?" माझें उत्तर असें कीं, सभ्य कुटुंबें जेथें जाणें सोडतात तेथेंच घाण सांचते. किल्ल्याच्या पायथ्याशींच पुरातत्त्व खात्याची कचेरी आहे, तरी माथ्यावर नांवें कोरणारा हात थांबत नाहीं; कारण पहारा कितीही ठेवला, तरी शेजाऱ्याच्या डोळ्यांइतकी जाग त्याला येत नाहीं. जेथें दर रविवारीं दहा कुटुंबें मुलांसह येऊन बसतात, तेथें भिंत खरवडण्यास माणूस लाजतो. आणि जी जागा लोकांच्या ओळखीची असते, ती कोणी बळकावली किंवा मोडली, तर विचारणारीं माणसें निघतात. काळ्या किल्ल्याभोंवतीं घरांचा वेढा पडून तो दिसेनासा होत गेला, याचें एक कारण असें कीं, तो तेथें आहे हेंच शहरांतील बहुतेकांस ठाऊक नव्हतें.

दुसरे म्हणतील, "डोंगरावरच्या हवेची सर याला कशी येणार ?" ती येणार नाहीं, हें मला मान्य आहे. ज्यांस शक्य आहे त्यांनीं माथेरानास अवश्य जावें. परंतु डोंगरावर मूल पाहुणें म्हणून जातें. तेथील झाड तुटलें काय आणि राहिलें काय, त्याला पुढें कळतही नाहीं. आपल्या गल्लीच्या टोंकाचें झाड तें रोज पाहतें. जिव्हाळा उत्पन्न होण्यास नित्य भेट लागते, आणि नित्य भेट जवळच्याचीच होऊं शकते.

तिसरा आक्षेप वेळेचा. पुष्कळ पालक रविवारींही कामावर जातात, आणि त्यांस दिवसभराची सवड मिळणें कठीण असतें. अशांसाठींच तर जवळची सहल आहे. सकाळीं सातला निघून दहाला घरीं परत येतां येतें. मोठ्या भावाबहिणींनीं धाकट्यांस घेऊन जावें. शेजारच्या दोन कुटुंबांनीं मिळून मुलें न्यावीं. निघण्यापूर्वीं उद्यानाच्या वेळांची चौकशी करावी, पिण्याचें पाणी बरोबर घ्यावें, आणि आपण केलेला कचरा आपल्याच पिशवींत घरीं आणावा. याहून अधिक तयारीची आवश्यकता नाहीं.

विद्यार्थीमित्रांनो, मीं येथें शीवचें नांव घेतलें; परंतु तुमच्यापैकीं कोणी कुर्ल्याचा असेल, कोणी चुनाभट्टीचा, कोणी वडाळ्याचा. तुमच्याही वस्तीस नांव आहे, आणि तें नांव कोणीतरी कांहीं कारणानें ठेवलें आहे. तें कारण प्रथम आपल्या आजोबांस विचारा; त्यांस ठाऊक नसेल तर शाळेच्या ग्रंथालयांत शोधा. मग येत्या रविवारीं घरच्यांस बरोबर घेऊन ती जागा पाहून या, आणि या खेपेस वाट तुम्हीच दाखवा.