गाडी ज्याची, पुसणंही त्याचंच



परवा स्वाध्यायानंतर एकीने विचारलं, "तुमच्या लेकाकडे ती पेट्रोलवर पळणारी रिमोटची गाडी आहे ना? घरात वास नाही का येत?" येतो. तेलकट डागही पडतात. पण दोन वर्षांत मी एक गोष्ट शिकले, ती आज सांगते. अशी गाडी घरात असेल तर ती आईने स्वच्छ करू नये. जो चालवतो त्यानेच, त्याच दिवशी करावी.

आधी एक गैरसमज दूर करते. ही गाडी पेट्रोलवर चालत नाही. इंधनात मुख्यतः मिथेनॉल असतं, शिवाय नायट्रोमिथेन आणि तेल. हे तेल बरेचदा आपलं एरंडेलच असतं, डाळ-तांदळाला चोळून ठेवतो ते! इंजिन जेमतेम तीन-साडेतीन सीसीचं. आपल्या स्कूटरचं 110 सीसी असतं, यावरून कल्पना करा. पण हे एवढंसं इंजिन मिनिटाला 30,000 च्या वर फेरे घेतं. त्याला वेगळं ऑइल घालत नाहीत. इंधनातलं तेलच आतून वंगण देतं आणि उरलेलं धुराबरोबर बाहेर पडतं. म्हणून गाडीवर चिकट थर बसतो आणि त्यावर मैदानाची सगळी धूळ.

दिरांनी अमेरिकेहून हा ट्रक आणला तेव्हा पहिलं वर्ष मीच तो पुसत होते. लेक मैदानावरून यायचा, गाडी बाल्कनीत ठेवायचा आणि जेवायला बसायचा. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, म्हणून मीही काही बोलत नसे. नंतर ओल्या फडक्याने गाडी लख्ख करून ठेवायची. चातुर्मासात मैदानावरचं गवत जिवांनी भरलेलं असतं, तेव्हा गाडी चालवायची नाही, हे त्याने स्वतःहून मान्य केलं होतं. मी गाडी पुसून, पिशवीत घालून माळ्यावर ठेवली.

कार्तिकात खाली काढली तर सुरू करायची दोरी ओढली जाईना. इंजिन उघडून पाहिलं. आतलं बेअरिंग गंजलेलं, पिस्टनभोवती तेलाचा तपकिरी, वार्निशसारखा थर. बाहेरून मात्र गाडी चकचकीत! मी चार महिने तिचं बाहेरचंच रूप जपलं होतं.

कारण साधं आहे. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. इंजिनात इंधन राहिलं की पावसाळी हवेत लोखंड गंजणारच. त्यामुळे खरी स्वच्छता आतून सुरू होते आणि ती मैदानावरच. शेवटच्या फेरीनंतर टाकी रिकामी करायची. पुन्हा एकदा सुरू करून नळीतलं उरलंसुरलं इंधनही जळू द्यायचं. इंजिन निवलं की ग्लो प्लगच्या भोवतीची माती आधी ब्रशने झाडायची, नाहीतर प्लग काढताच ती आत पडते. मग प्लग काढून आत आफ्टर-रन ऑइलचे चार-पाच थेंब टाकायचे, भोकावर फडकं धरायचं आणि दोरी पाच-सहा वेळा ओढायची, म्हणजे तेल सगळीकडे पसरतं. ठेवताना पिस्टन खाली असावा. वरच्या बाजूला सिलिंडर किंचित अरुंद असतो. गरम असताना तो नीट बसतो, पण थंड झाल्यावर पिस्टन तिथेच अडकतो.

बाहेरची सफाईही नळाखाली करायची नाही. रिमोटचा संदेश घेणारा भाग आणि चाकांची बेअरिंग्ज पाण्याने खराब होतात. बॅटऱ्या काढायच्या, खाली जुने पेपर अंथरायचे, हातमोजे घालायचे. माती वाळू द्यायची आणि जुन्या टूथब्रशने झाडायची. त्याआधी मैदानाच्या कडेलाच चाकांत अडकलेलं गवत हलक्या हाताने सोडवायचं आणि मुंगी, किडा नाही ना ते पाहायचं. ही यतना घरी आल्यावर करून उपयोग नाही. चिकट भाग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, गॅस-दिव्यापासून लांब, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचा.

एअर फिल्टर तर रोज पाहायचा. तो स्पंजचा असतो. साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवायचा, पिळायचा नाही. पूर्ण वाळवून त्याला फिल्टरचं तेल लावायचं. कोरड्या फिल्टरमधून गेलेली बारीक धूळ इंजिन घासून टाकते. शेवटी सगळे स्क्रू तपासायचे, कारण थरथरीने ते सैल होतात.

हे सगळं मी आता पाठ म्हणू शकते, पण हात लावत नाही. कारण पुसणाऱ्यालाच सैल स्क्रू दिसतो, नळीची चीर दिसते. ते मला कळून काय उपयोग? गाडी तो चालवतो. बेफिकिरीला आपल्याकडे प्रमाद म्हणतात. मी मागून आवरत राहिले, तेव्हा त्याच्या प्रमादावर मीच पांघरूण घालत होते.

एका बाबतीत मात्र लक्ष आईनेच ठेवायचं. मिथेनॉल विष आहे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्यात हेच मिथेनॉल होतं. अगदी थोडं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. शिवाय त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. म्हणून इंधन मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलपात. पाण्याच्या बाटलीत कधीही नाही. मोरीत ओतायचं नाही. चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर घरगुती उपाय करत न बसता डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठायचा.

कुणी म्हणेल, एवढा व्याप कशाला, विजेवरची घ्यावी. नवी घेणार असाल तर मीही तेच सांगेन. पण जी घरात आहे ती माळ्यावर गंजवणं हाही अपव्ययच.

यंदा चातुर्मासाआधी लेकाने बाल्कनीत पेपर अंथरले. मी खुर्ची टाकून नुसती बसले. पाऊण तास लागला. मधेच म्हणाला, "आई, हा स्क्रू बघ, निघायलाच आला होता." मी म्हटलं, "मग आवळ की!" हात पुढे करायचा मोह झाला, पण आवरला.

तुमच्या घरी ट्रक नसेल, सायकल असेल, स्कूटी असेल. लेकीची असो वा लेकाची, पुढच्या रविवारी फडकं त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा. काय झालं ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र!