लेण्याद्रीतला ‘दागोबा’ कोणता देव? जाणून घ्या या इंग्रजी शब्दाचा उच्चार, अर्थ आणि मूळ

खंडोबा, विठोबा, म्हसोबा, बिरोबा... आणि दागोबा? लेण्याद्रीच्या लेण्यांची माहिती मोबाइलवर शोधताना ‘चैत्यगृहात दागोबा आहे’ असं वाक्य तुमच्या नजरेस पडू शकतं. वाचताना हा जुन्नरकडचा एखादा ग्रामदेव असावा असंच वाटतं. पण तो देव नाही आणि शब्दही मूळचा मराठी नाही. हा इंग्रजी शब्दकोशातला शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे बौद्ध स्तूप.

उच्चार कसा करायचा?

इंग्रजी स्पेलिंग डी, ए, जी, ओ, बी, ए. ते पाहून ‘डगोबा’ म्हणायचा मोह होतो. शब्दकोशातला उच्चार मात्र ‘डागबा’च्या जवळचा आहे. जोर पहिल्या ‘डा’वर, मधला ‘ओ’ जवळजवळ गिळलेला. मराठीत लिहिताना आपण स्पेलिंगच्या मागे गेलो आणि ‘दागोबा’ झाला. शेवटचा ‘बा’ ऐकून आपला कान लगेच हात जोडतो, पण हा ‘बा’ विठोबातला नव्हे.

शब्द आला कुठून?

श्रीलंकेतून. सिंहली भाषेत स्तूपाला ‘दागब’ म्हणतात. त्याच्या मागे पाली ‘धातुगब्भ’ आणि संस्कृत ‘धातुगर्भ’. इथे धातू म्हणजे तांबं-पितळ नव्हे, तर बुद्धाचे किंवा थोर भिक्खूंचे अस्थी-अवशेष. ते ज्याच्या पोटात ठेवले आहेत तो धातुगर्भ. अनुराधपूरचा विटांचा जेतवनाराम स्तूप मुळात सुमारे 122 मीटर उंच होता. असे अजस्र स्तूप पाहणाऱ्या इंग्रजांनी तिथला शब्द उचलला. 1886 मध्ये निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात त्याची नोंद आहे. त्याआधी, 1880 मध्ये, फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा ग्रंथ आला. जुन्नरची लेणीही त्यात आहेत आणि तिथल्या स्तूपांसाठी हाच शब्द वापरला आहे. म्हणजे सह्याद्रीतल्या स्तूपाला सिंहली नाव मिळालं, तेही इंग्रजांच्या हातून! (‘पॅगोडा’ हे दागोबाचंच उलटंपालटं रूप, असंही काही जण सांगतात. त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही.)

खरी गंमत पुढे आहे. ‘गर्भ’चा प्राकृतात ‘गब्भ’ झाला आणि त्यातून मराठीला ‘गाभा’ मिळाला. ‘गाभारा’ही त्याच घरातला. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो, ते लेणं क्रमांक 7. मुळात तो भिक्खूंचा विहार. त्याला लागूनच क्रमांक 6 चं चैत्यगृह आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर कमानदार छत आणि टोकाला अखंड खडकात कोरलेला स्तूप. गोल चौथरा, त्यावर घुमट, त्यावर चौकोनी हर्मिका. इकडचा गाभारा आणि तिकडचा दागोबा, हे शब्द एकमेकांचे भाऊबंद निघतात.

मग मराठीत काय म्हणावं?

आमच्या मते सरळ ‘स्तूप’ म्हणावं. दर्शन आटोपून शेजारच्या लेण्यात डोकावणाऱ्याला हे शिवलिंग की आणखी कुणी देव, असा प्रश्न पडू शकतो. त्यात माहितीच्या मजकुरात नुसतं ‘दागोबा’ लिहिलं तर गोंधळ वाढतो आणि ही वास्तू बौद्धांची आहे, ही मुख्य गोष्टच वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. वापरायचाच असेल तर शेजारी अर्थ द्यावा.

तसे इथले स्वतःचे शब्द दगडावरच कोरलेले आहेत. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे लेणं दान दिलं, असं क्रमांक 6 मधला ब्राह्मी शिलालेख सांगतो. दान कशाचं, तर ‘चेतियघर’, म्हणजे चैत्यघर. यातलं ‘घर’ आजही आपण जसंच्या तसं वापरतो.